सांगलीतलं मोठ्यांचं लसीकरण सेंटर : हॉस्पिटलचा स्टाफ घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली येईलच. मी मिरजेत एका छोट्या नर्सिंग होममध्ये इनचार्ज सिस्टर आहे, इन्फेक्शन कंट्रोलचं रजिस्टर पण माझ्याकडंच असतंय, त्यामुळं स्टाफमध्ये कुणाची कुठली लस झाली, कुणाची राहिली, हे सगळं मलाच बघावं लागतं. आता मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, छोट्या नर्सिंग होमपासनं सिव्हिलपर्यंत सगळं इथं, कर्नाटकातल्या अथणी-जमखंडीकडनं पण पेशंट येतात, आणि लहान पोरांना लस देणारे दवाखाने तर सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहेत. पण मोठ्या माणसाला, त्यातनं हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला, नीट हिस्टरी विचारून, कार्ड करून, नंतर टायटर, म्हणजे लस अंगाला लागली का ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघून मग मोकळं करणारं ठिकाण सहज सापडत नाही. हे सेंटर विश्रामबागच्या बाजूला आहे. आमचा जवळजवळ सगळा स्टाफ आता इथनंच करून घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी मला जे आवडलं ते सांगते. फोन केला तेव्हा बाकीच्या ठिकाणी पहिला प्रश्न असायचा, किती लोक आहेत आणि कुठली लस पाहिजे. इथं डॉक्टर मॅडमनी विचारलं, कोण काय काम करतंय ते लिहून पाठवा. म्हणजे ओटीत कोण, लॅबमध्ये कोण, लेबर रूमला कोण, पेशंटच्या चादरी कोण गोळा करतं, कचऱ्याच्या पिशव्या कोण उचलतं, किचनमध्ये कोण. त्यावरनं त्यांनी प्रत्येकाचं वेगळं पान केलं. मी पाठवलेल्या यादीत मावशी आणि मामा लोक पण होते, आणि त्यांच्या नावापुढं पण तेवढेच प्रश्न विचारले जेवढे सर्जनच्या नावापुढं. आधी एका ठिकाणी चौकशी केली होती तिथं मला चक्क विचारलं होतं की क्लास फोर स्टाफला पण द्यायची आहे का, बजेट वाढेल. मी तिथं परत फोन नाही केला.

हे मी एवढं का धरून बसते ते सांगते. सिस्टरच्या हातातली सुई तिला दिसत तरी असते. मावशीला ती दिसत नाही. चादरीत गुंडाळलेली असते, काळ्या पिशवीत चुकून टाकलेली असते, बेडखाली पडलेली असते आणि झाडताना पायात जाते. मी पूर्वी एका दुसऱ्या हॉस्पिटलात होते, तिथं नाईट ड्युटीला एका मावशींना चादरी गोळा करताना हाताला सुई टोचली, सुई कुणाची ते पण कळलं कारण त्या बेडवर एकच पेशंट होता आणि तो एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटीस बी (लिव्हरचा आजार) असलेला होता. मावशींना लस दिली होती का हे कुणालाच सांगता येईना, रजिस्टर नाही, कार्ड नाही, मावशी म्हणत्यात एकदा दंडात दिलेलं बघा काहीतरी, ते धनुर्वाताचं टीटी होतं का हिपॅटायटीसचं होतं देव जाणे. मग रात्रीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, शोधत फिरायचं, ते वजनावर असतंय, किलोला ०.०६ मिली, आणि लई महाग, आणि होता होईल तो २४ तासांच्या आत द्यायचं असतं. मिळालं शेवटी, सोबत लस पण चालू केली, आणि मावशी ठीक आहेत. पण ती रात्र त्यांनी रडत काढली आणि घरी नवऱ्याला काय सांगायचं हेच विचारत होत्या. तीन स्वस्त इंजेक्शनं वेळेवर दिली असती आणि एका कागदावर लिहून ठेवली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि हे कुणाच्या मर्जीवर पण नाहीये. जैव वैद्यकीय कचरा नियम २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जो कोणी असा कचरा हाताळतो त्याला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही हॉस्पिटल चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि नंतर वर्षातनं एकदा तरी हेल्थ चेकअप, ट्रेनिंग पण तसंच. मालकांना लसीचा खर्च पटवून द्यायला हा नियम लई कामाला येतो, ज्यांना गरज आहे त्यांनी प्रिंट काढून ठेवा.

आता हिपॅटायटीस बी बद्दल, कारण या सेंटरचं खरं काम मला इथंच दिसलं. आमच्या लाईनमध्ये सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण आकडे बघितले तर भीती उलट्या जागी बसलीय. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही लागायची शक्यता शंभरात ०.३, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे सुयांमागं एक. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी लागायची शक्यता पेशंटच्या रक्तात व्हायरस किती आहे त्यावर शंभरात ६ ते ३०. शिवाय हा व्हायरस सुकलेल्या रक्ताच्या डागात, टेबलावर, ट्रेवर सात दिवस जिवंत राहू शकतो. आणि एवढ्या चिवट आजारावर लस आहे, जी सुईनं लागणाऱ्या तीन आजारांतल्या बाकी दोघांवर, म्हणजे हिपॅटायटीस सी आणि एचआयव्हीवर, अजून नाही. तरी आपल्याकडं कितीतरी सिस्टर एक डोस घेऊन सोडून देतात.

शेड्यूल सगळ्यांना माहिती आहे, ०, १ आणि ६ महिने. तिसरा डोस हमखास चुकतो, कारण सहा महिन्यात पोरगी नोकरी बदलते, लग्न होतं, नाहीतर विसरते. इथं मॅडमनी आमच्या लोकांना नीट सांगितलं की मध्ये गॅप पडला म्हणून परत पहिल्यापासनं सुरू करायचं नाही, जिथं थांबलाय तिथनं पुढं चालू. हे ऐकून आमच्या दोघी सिस्टर पुढं आल्या, त्यांना वाटत होतं आता सगळं परत घ्यावं लागणार म्हणून गप्प बसल्या होत्या. दुसरं म्हणजे लस दंडातच दिली. हे सांगायची गरज पडू नये पण कमरेवर देणारे लोक मी बघितलेत, आणि कमरेवर ही लस दिली की चरबीत जाते आणि अंगात अँटीबॉडी कमी तयार होतात.

आणि मग टायटर. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यात रक्त देऊन अँटी-एचबीएस, म्हणजे लसीनं तयार झालेल्या अँटीबॉडी बघायच्या, १० किंवा त्याच्या वर आलं की तुम्ही सेफ. १० च्या खाली आलं तर लस लागली नाही असं धरून परत तीन डोस आणि परत टायटर. शंभरातल्या पाच-दहा मोठ्या माणसांना पहिल्या तीन डोसला नीट रिस्पॉन्स येत नाही, वय चाळीसच्या पुढं, वजन जास्त, सिगारेट, शुगर, यात ते प्रमाण अजून वाढतं. हे आपल्या लोकांना कोण सांगतंय? तीन डोस झाले की आपण सेफ असं समजून लोक बिनधास्त राहतात. आमच्या एका ब्रदरचं टायटर १० च्या खाली आलं. सेंटरनं त्याला फोन करून बोलावलं, आधी एचबीएसएजी करून घेतली की आधीच इन्फेक्शन तर नाही ना, ती निगेटिव्ह आली, मग दुसरा कोर्स चालू केला आणि दुसऱ्या कोर्सनंतर टायटर व्यवस्थित वर आलं. आमच्याच एका टेक्निशियनचं मात्र सहा डोसनंतर पण आलं नाही. त्याच्या कार्डावर मॅडमनी ठळक लिहून दिलंय की हा नॉन रिस्पॉन्डर आहे, सुई टोचली आणि पेशंट पॉझिटिव्ह निघाला तर याला इम्युनोग्लोब्युलिन लागणार, लसीवर अवलंबून राहू नका. त्या कार्डाचा फोटो आमच्या कॅज्युअल्टीत लावून ठेवायचा विचार होता पण मॅडम म्हणाल्या असं भिंतीवर लावू नका, त्याची खाजगी गोष्ट आहे, रजिस्टरमध्ये ठेवा आणि ड्युटी इनचार्जला माहिती असू दे. मला ते बरोबर वाटलं.

एक बारीक गोष्ट पण इथंच कळली, ती सगळ्या हॉस्पिटलवाल्यांच्या कामाची आहे. हिपॅटायटीसची लस घेतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एचबीएसएजी टेस्ट करायची नाही, लसीतलाच अंश रक्तात सापडून रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. आमच्याकडं कामावर घेतानाच लस आणि टेस्ट दोन्ही करायची पद्धत आहे, म्हणून आता आम्ही रक्त आधी घेतो आणि लस नंतर.

ज्यांचं टायटर एकदा चांगलं आलंय त्यांना दर पाच वर्षांनी बूस्टर घ्या म्हणून इथं कुणी मागं लागत नाही. तब्येत धडधाकट असेल तर नंतर आकडा खाली आला तरी शरीराला ती ओळख राहते, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं आणि पैसे परत केल्यासारखं वाटलं, कारण आमच्या सीनियर डॉक्टरनी बूस्टरसाठी पाकीट काढून ठेवलं होतं. जास्तीची लस न विकणारं ठिकाण म्हणून पण मी इथं विश्वास ठेवते.

कोल्ड चेनवर, म्हणजे लस थंड कशी ठेवतात त्यावर, मी जरा जास्तच बघते, माझी सवय आहे. इथं घरचा फ्रीज नाही, लसीचा वेगळा फ्रीज, आयएलआर, आहे, आत थर्मामीटर, आणि दाराला लावलेल्या कागदावर सकाळ-संध्याकाळचं टेंपरेचर रोज लिहिलेलं, २ ते ८ च्या मध्ये. मी मागचे कागद पण मागितले, दाखवले. हिपॅटायटीसची लस, धनुर्वाताची लस, यांना गोठलेलं चालत नाही, एकदा बर्फ झाला की ती लस गेली, दिसायला तशीच दिसते पण उपयोग शून्य. म्हणून आयएलआरच्या तळाला ती ठेवायची नसते, इथं ती वरच्या टोपलीत होती. बरेच जण उन्हाला घाबरतात आणि गोठण्याला घाबरत नाहीत, नर्सिंग कॉलेजमध्ये शिकलेलं असतं तरी विसरतात.

मी त्यांना विचारलं की पूर आला आणि लाईट गेली तर काय करता. सांगलीत हा प्रश्न विचारायलाच पाहिजे, २०१९ ला कृष्णेचं पाणी शहरात कुठपर्यंत आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय, २०२१ ला परत तेच. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे, इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही आहे, कोल्ड बॉक्स आणि आइस पॅक तयार असतात आणि पाणी वाढायला लागलं की माल मिरजेकडं हलवायचं त्यांचं ठरलेलं आहे. हे तोंडी नाही सांगितलं, लिहिलेलं दाखवलं. पण पहिला मजला आहे आणि लिफ्ट नाही हे पण इथंच लिहून टाकते, आमच्या एका मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना त्रास झाला.

फ्लूच्या लसीला आमच्या स्टाफचा विरोध होता, खरं सांगायचं तर सगळीकडं असतोच. घेतली की तापच येतो, मागच्या वर्षी घेतली तरी सर्दी झाली, मी कुठं आजारी पडते, असं सगळं. मॅडमनी आमच्याकडं येऊन स्टाफरूममध्ये अर्धा तास बोलायची तयारी दाखवली आणि खरंच आल्या, वेगळे पैसे नाही घेतले. त्यांनी सांगितलं ते मला पटलं ते असं की ही इंजेक्शनची लस मेलेल्या व्हायरसची आहे, त्यानं फ्लू होऊ शकत नाही, हात दुखेल, एखाद दिवस अंग कसकस करेल. साधी सर्दी दुसऱ्या पन्नास व्हायरसनं होते, त्याला ही लस नाही. आणि दरवर्षी का, तर व्हायरस बदलतो म्हणून लसीतले स्ट्रेन पण बदलतात, जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी ठरवते. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, अँटीबॉडी तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

पण स्टाफला खरं काय लागलं असेल तर पुण्याची आठवण. २००९ ला स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा आपल्याकडं सांगली-मिरजेत पण प्रत्येक जण तोंडाला रुमाल बांधून फिरत होता, आमच्यातल्या ज्या सीनियर सिस्टर तेव्हा ड्युटीला होत्या त्यांनी स्वतःच उठून तो काळ सांगितला. नवीन पोरींना करोना आठवतो पण त्याच्या आधीचं हे माहिती नव्हतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की तुम्ही आजारी पडाल न पडाल, तुमच्या हाताखाली जो दम्याचा, कॅन्सरचा, नुकतं बाळंत झालेला पेशंट आहे त्याचा विचार करा, तुम्हाला लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासनं तुम्ही तो आजार वाटत असता. त्यानंतर बहुतेक सगळ्यांनी घेतली. दोघांनी नाही घेतली, त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, फॉर्मवर नकार लिहून घेतला आणि पावसाळ्यात ते दोघं मास्क लावून काम करतात.

गोवर आणि कांजिण्यांचं आपल्याकडं लोक मनावरच घेत नाहीत, लहानपणीचा आजार म्हणून. २०२२ ला मुंबईत गोवंडीकडं गोवराची साथ आली तेव्हा माझे डोळे उघडे झाले होते, गोवरचा पेशंट खोलीतनं गेला तरी दोन तास हवा तशीच धोक्याची असते आणि एक पेशंट लस नसलेल्या बारा-अठरा जणांना देऊ शकतो. ओपीडीत रांगेत बसलेला एक तापाचा पोरगा आणि समोर केसपेपर काढणारी आमची रिसेप्शनची मुलगी, तिला कोण विचारतंय तुझी एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) झालीय का? इथं विचारलं. लेखी पुरावा नसेल तर एमएमआरचे दोन डोस, मध्ये कमीत कमी २८ दिवस. कांजिण्यांना आधी हिस्टरी, नसेल आठवत तर रक्तात अँटीबॉडी बघून मग ठरवलं, कारण ती लस महाग आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांना आधीच होऊन गेलेल्या असतात. लेबर रूमच्या एका सिस्टरला मात्र अँटीबॉडी नव्हत्या. मोठेपणी कांजिण्या आल्या तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ती तर बाळंतिणींमध्ये काम करते. तिला दोन डोस दिले आणि बजावलं की लसीनंतर अंगावर पुरळ आलं तर ड्युटीला न येता आधी फोन कर.

लग्न झालेल्या पोरींना इथं आडून आडून न विचारता सरळ विचारतात, पाळी कधी आली होती, दिवस राहिलेत का, महिनाभरात चान्स घेणार आहे का. पडद्यामागं, एकटीला, बाईच विचारते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस जिवंत व्हायरसची, गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर थांबायचं. हिपॅटायटीस बी आणि फ्लू गरोदरपणात चालतं. अंगावर पाजणाऱ्यांना एमएमआर चालते, आमच्या एका सिस्टरला बाहेर कुणीतरी नाही सांगितलं होतं, इथं तिची शंका गेली. आणि ज्यांच्याकडं स्टाफची मॉन्टू टेस्ट (टीबीची हातावरची टेस्ट) करतात त्यांनी लक्षात ठेवा, मॉन्टू एमएमआरच्या दिवशीच करा नाहीतर मग महिना-दीड महिना थांबा, मधल्या काळात रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. हे मला आधी माहिती होतं, पण त्यांनी न विचारता सांगितलं म्हणून मार्क.

धनुर्वात-घटसर्पाचं टीडी सगळ्यांना दिलं, दहा वर्षांनी बूस्टर. लेबर रूम आणि बाळांच्या खोलीतल्या लोकांना त्यातच डांग्या खोकल्याची पण लस असलेलं टीडॅप घ्यायला सांगितलं, ते महाग असल्यानं आमच्या मालकांनी फक्त त्या दोन ठिकाणच्यांसाठी मंजूर केलं. किचनवाल्यांना आणि लॅबवाल्यांना टायफॉइड.

इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, जायची घाई केली तरी सोडत नाहीत. जोराची ॲलर्जी आली तर लागणाऱ्या ॲड्रेनलिनचा ट्रे समोरच होता, मी उघडून एक्स्पायरी बघितली, चालू तारखेची होती. आमचा एक वॉर्डबॉय, अंगानं चांगला पैलवान, लस घेतल्यावर घाम सुटून आडवा झाला, घाबरून होतं तसं. त्याला झोपवलं, पाय वर केले, बीपी बघितलं, पाच-दहा मिनिटात उठून बसला. कुणी त्याला हसलं नाही, हे मला फार बरं वाटलं, कारण हसले असते तर तो दुसऱ्या डोसला आला नसता.

रेकॉर्ड. प्रत्येकाला कार्ड, त्यावर लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, तारीख, कुठल्या हाताला दिली ते. तीच माहिती मला हॉस्पिटलच्या रजिस्टरसाठी एका शीटमध्ये पाठवली. पुढचा डोस जवळ आला की व्हॉट्सॲपवर मराठीत मेसेज येतो आणि ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना कॉल करतात. आमच्या मावशींना वाचता येत नाही, त्यांच्या कार्डावर त्यांनी पुढच्या डोसचा महिना सणावरनं सांगितला, दिवाळी झाली की या असं, आणि मावशी आल्या बरोबर. कार्ड माणसाचं असतं, हॉस्पिटलचं नाही, हे पण त्यांनी आमच्या ऑफिसला सांगितलं. नोकरी सोडताना कार्ड अडकवून ठेवणारे लोक आहेत आपल्याकडं, ती पद्धत बंद व्हायला पाहिजे, नवीन ठिकाणी त्या पोरीला परत पहिल्यापासनं सुया टोचून घ्याव्या लागतात.

आता एक स्टार का कापला. वेळ. सकाळी दहा ते दुपारी एक, संध्याकाळी पाच ते साडेसात, रविवारी बंद. हॉस्पिटलच्या शिफ्टला हे अजिबात जुळत नाही. मॉर्निंगवाली दोनला सुटते तेव्हा सेंटर बंद, नाईटवाली सकाळी आठला सुटते, तिनं दहापर्यंत कुठं थांबायचं? रात्रभर जागलेल्या बाईनं दोन तास बस स्टँडवर बसायचं आणि मग लस घ्यायची हे बरोबर नाही. आम्ही ग्रुपनं येतो म्हणून आमच्यासाठी आठला उघडलं, पण एकटी-दुकटी येणाऱ्या सिस्टरला तेवढी सोय मिळत नाही. हॉस्पिटल स्टाफसाठी सेंटर चालवता तर आठवड्यातनं दोन दिवस तरी सकाळी आठ ते दहा उघडा, माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरं, कांजिण्यांच्या लसीचा स्टॉक मध्येच संपला होता आणि ते आधी फोनवर सांगितलं नाही, दोघी मिरजेहून येऊन परत गेल्या. टायटरचं रक्त बाहेरच्या लॅबला जातं त्यामुळं रिपोर्टला वेळ लागतो, सांगितलेल्या दिवशी आला नाही, मला पाठपुरावा करावा लागला. काउंटरवरचा मुलगा कामाला चांगला आहे पण एकटाच आहे, पावती, फोन, टोकन सगळं तोच बघतो, गर्दीत गोंधळ होतो. पार्किंग नाहीच, दुचाकी पण लांब लावावी लागते.

पैशाचं बोलायचं तर एमआरपीच्या वर काही घेत नाहीत, ग्रुपला थोडं कमी करतात, तपासणीची फी स्टाफला लावली नाही. हिपॅटायटीस बी तशी स्वस्तच आहे, त्यात काटकसर करायचं काही कारणच नाही. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या इथंच विचारा, राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस कार्यक्रम २०१८ पासनं चालू आहे आणि त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटीस बी ची लस द्यायची तरतूद आहे, उगाच खिशातनं खर्च करू नका.

एक गोष्ट अजून लिहिते, सेंटरनं कार्डाच्या मागं छापलीय म्हणून. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीचनं घासायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीच्या गोळ्या लागणार असतील तर जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या पुढं त्याचा उपयोग राहत नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ पांढऱ्या डब्यात. मराठीत, मोठ्या अक्षरात छापलंय, आणि चित्रं पण आहेत. आम्ही तेच मोठं करून ड्रेसिंग रूममध्ये लावलंय.

जाणार असाल तर जुनी कार्डं, नर्सिंग कॉलेजमधली फाईल, करोनाच्या लसीचं सर्टिफिकेट, जे असेल ते घेऊन जा, ॲलर्जी असेल, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच फोनला सांगा. दहा-बारा जणांच्या वर स्टाफ असेल तर आधी यादी पाठवा, कामाप्रमाणं लिहून, आणि सगळ्यांना एका दिवशी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी कुणाचा हात दुखतो, कुणाला ताप येतो आणि वॉर्डला माणूस उरत नाही. आम्ही प्रत्येक वॉर्डमधनं एकेक करून पाठवलं. फ्लूसाठी जाणार असाल तर मार्चमध्येच फोन करून नवीन वर्षाचा स्टॉक कधी येतोय ते विचारून ठेवा, मेच्या शेवटी लई गर्दी असते.